पुढच्या चाकाजवळची पट्टी

काकू, तात्यांच्या घरची सगळी मंडळी, माणचे ग्रामस्थ, आणि आमच्या क्लबचे सभासद,

मी लिहून आणलंय. शोकसभेत कागद धरून वाचणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण न लिहिता बोलले तर मी मला सोयीचं तेवढंच बोलेन आणि खाली बसेन. म्हणून वाचते. मध्ये थांबले तर जरा सांभाळून घ्या.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखत नसतील. काही जण चांगलंच ओळखत असतील. मी अश्विनी. सोपानतात्यांच्या गाडीला नापास करणारी मुलगी म्हणून गावात जिचं नाव झालं, ती मीच.

इथं यायचं की नाही यावर मी बराच विचार केला. काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "ये की. आन जे मला सांगितलंस ते समद्यांना सांग." म्हणून उभी आहे.

तात्यांबद्दल आत्तापर्यंत बोललेल्या सगळ्यांनी त्यांची पद्मिनी आठवली. माणला धड रस्ता नव्हता तेव्हा याच गाडीतून बायका बाळंतपणाला पौडला गेल्या. इथं बसलेल्यांपैकी काहींचा जगातला पहिला प्रवास त्या गाडीच्या मागच्या सीटवर झाला असेल. ते मी पाहिलेलं नाही, तुमच्याकडून ऐकलंय. मी सांगणार आहे ते त्याच गाडीबद्दल, पण मी पाहिलेलं, आणि मी केलेलं.

मी जालन्याची. चार वर्षांपूर्वी इथल्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा तात्यांच्या चाळीतली शेवटची खोली मी भाड्यानं घेतली. गाड्यांचे भाग तपासणं हे माझं काम. भेग शोधायची, जाडी मोजायची, अहवाल लिहायचा. पहिल्या रविवारी तात्यांनी विचारलं, "काय शिकलीस गं तू?" मी सांगितलं, मेकॅनिकल. ते म्हणाले, "मंग हितं ये आन हा पाना धर." मी धरला. चुकीच्या बाजूनं धरला होता, हेही त्यांनी सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

त्यांच्यामुळेच मी क्लबमध्ये आले. मुळशीतल्या आमच्या ट्रॅकवर जुन्या गाड्या चालवणाऱ्या हौशी लोकांचा हा क्लब. तेव्हा नियम फारसे नव्हते. गाडी जुनी आहे ना, ब्रेक लागतात ना, मग चला. मला सुरक्षा तपासणीचं काम मिळालं. ट्रॅकवर जाण्याआधी प्रत्येक गाडी खालून वरून बघायची, एक फॉर्म भरायचा, सही करायची.

यंदा क्लबनं ठरवलं की जुन्या सलून गाड्यांचा वेगळा वर्ग करायचा. म्हणजे चार दारांच्या, साध्या, घरगुती गाड्यांची शर्यत, पण गाडी तिच्या काळात होती तशीच हवी. जे ग्रामस्थ क्लबमध्ये नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते: एकानं जुन्या गाडीत नवं इंजिन घातलं, दुसऱ्यानं नवे ब्रेक लावले, तर ज्यानं गाडी इमानानं जपली तो हरतो. तो हरू नये म्हणून कोणती गाडी या वर्गात बसते आणि कोणती नाही, ते आधी ठरवावं लागतं. ते ठरवण्याची नियमावली तीन जणांनी लिहिली. त्यातली बहुतेक मी लिहिली. आणि गाड्या तपासण्याची जबाबदारी क्लबनं माझ्यावर टाकली.

मला ते काम आवडायचं. हे आज बोलायला बरं वाटत नाही, पण आवडायचं.

पात्रता तपासणीच्या दिवशी ट्रॅकवर जत्रा होती. सूसचे एक गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगत होते, "मॅडम, स्क्रूसुद्धा बदललेला नाही." त्यांच्या डॅशबोर्डवर मोबाइल चार्ज करायचं भोक होतं. तात्या मागून म्हणाले, "आवो, तवाच्या काळी तार करायला लागायचं ते." सगळे हसले. ते गृहस्थही हसले. मीही हसले, आणि लगेच हसू आवरलं, कारण पुढची गाडी तात्यांची होती.

इथून पुढचं मी जसं घडलं तसं सांगते.

त्या दिवशी तात्या मला "मॅडम" म्हणाले. घरी ते मला "पोरी" म्हणायचे. मी दीड वर्षापूर्वी सूसला राहायला गेले, तरी फोनवर "पोरी"च म्हणायचे. तिथं चार लोकांसमोर त्यांनी मला "मॅडम" म्हटलं, कारण मी कामावर होते. त्यांनी माझ्या कामाचा मान राखला. मी काय केलं? मी मनाशी ठरवलं होतं की हे आपले घरमालक होते, यांच्या घरचं आपण जेवलोय, तेव्हा यांना आपण अगदी परक्यासारखं वागवायचं. कुणी बोट दाखवता कामा नये.

मी गाडीखाली गेले. उजव्या पुढच्या चाकाच्या आधाराजवळ एक लोखंडी पट्टी जोडलेली दिसली. तळहाताएवढी. कंपनीच्या मूळ नकाशात तिथं पट्टी नाही. जोडाची रेघही जुन्या गॅस वेल्डिंगची नव्हती, अलीकडच्या वायर वेल्डिंगची होती. त्यामुळे चाकाचा आधार मूळच्यापेक्षा मजबूत झाला होता. वळणावर त्याचा फायदा होतो.

मी फॉर्म उघडला. त्यात एक रकाना आहे, "मालकाने स्वतःहून केलेले बदल". तात्यांनी तो कोरा सोडला होता.

मी विचारलं, "तात्या, ही पट्टी कधी लावली?"

ते म्हणाले, "तीन वर्सं झाली आसतील."

"मग इथं का लिहिलं नाही?"

"हितं काय इचारलंय? सोताहून केलेलं. ते म्या कुटं सोताहून केलंय?"

"मग कुणाच्या सांगण्यावरून?"

 ते म्हणाले, "मॅडम, जरा आठवून बघा की."

आणि मी म्हणाले, हे माझे शब्द आहेत, जसेच्या तसे, "तात्या, मला आठवणी नकोत. कागद असेल तर दाखवा."

ते म्हणाले, "कागद माज्याकडं न्हाई." आणि बाजूला झाले.

अर्ध्या तासानं माइकवर निकाल वाचला गेला. मीच वाचला. गाडी क्रमांक चौदा, अपात्र. कारण, चाकाच्या आधाराचं मजबुतीकरण, नोंद केलेली नाही.

दुपारपर्यंत ते वाक्य गावात पोचलं, आणि पोचेपर्यंत बदललं. "तात्यानं चोरून पट्टी लावली, पोरीनं पकडली." चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांना कुणी तरी म्हणालं, "काय तात्या, आमच्या रिक्षाला बी एक पट्टी मारून द्या, वळणावर लई पळंल." हे मला नंतर समजलं. ज्यांनी म्हटलं त्यांना मी दोष देत नाही. चेष्टा तुम्ही केलीत, पण तिला लागणारं सामान माइकवरून मी दिलं होतं.

चाळीस वर्षं या माणसानं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. "तात्यानं बघितलीय" एवढं म्हटलं की गिऱ्हाईक दुसरीकडं विचारत नसे. त्या माणसाबद्दल, त्याच्या हाताबद्दल, त्याच्या गाडीबद्दल, त्याच्याच गावात लोक म्हणायला लागले की लबाडी केली.

आता खरी गोष्ट.

निकालानंतर दहा दिवसांनी क्लबच्या जुन्या सुरक्षा फॉर्मांचे फोटो काढून संगणकावर चढवायचं काम मी हातात घेतलं. सुरक्षेच्या फायली एका कपाटात आणि पात्रतेच्या दुसऱ्या कपाटात असतात. ही व्यवस्थासुद्धा माझीच. तीन वर्षांपूर्वीचा एक गठ्ठा उघडला, आणि त्यात तात्यांच्या पद्मिनीचा फॉर्म होता. त्यावर लिहिलं होतं: "उजव्या पुढच्या चाकाच्या आधारावर केसाएवढी भेग. जोडून, वर पट्टी लावून आणल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जाणार नाही." खाली सही.

सही माझी होती. अक्षर माझं होतं.

त्या दिवशी मी तीसेक गाड्या तपासल्या होत्या. तात्यांना मी सांगितलं, पट्टी लावून आणा. त्यांनी गाडी नेली, शेजारच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पट्टी लावून घेतली, दुपारी परत आणली. मी बघितली, बरोबर म्हणाले आणि विसरले.

आमच्या नियमावलीत एक कलम आहे. सुरक्षा तपासनिसाच्या लेखी सूचनेवरून केलेला बदल पात्रतेच्या आड येत नाही. हे कलम मसुद्यात मीच घातलं होतं. म्हणजे पट्टी मी लावायला सांगितली, ती चालेल हा नियम मी लिहिला, आणि ती लावली म्हणून गाडी बाद केली तीही मीच. रकाना कोरा होता, कारण तो कोराच असायला हवा होता. तात्यांनी फॉर्म बरोबर भरला होता. मी त्यांच्याकडं कागद मागितला, आणि कागद माझ्याच कपाटात होता.

माणूस चुकतो, असं तुम्ही म्हणाल. परवा क्लबमधल्या एकांनी मला तेच सांगितलं. एवढंच असतं तर मी आज माफी मागून थांबले असते.

पण दोन गोष्टी अजून आहेत.

पहिली. त्याच तपासणीत कोल्हापूरचे एक जण अँबॅसेडर घेऊन आले होते. त्यांच्याकडंही एका बदलाचा कागद नव्हता. मी त्यांना ओळखत नव्हते. तरी मी म्हणाले, थांबा, आमच्याकडं काही आहे का बघते. ट्रॅकवरच्या ऑफिसात गेले, कपाट उघडलं, शोधलं, सापडलं. त्यांची गाडी पात्र ठरली. एका अनोळखी माणसासाठी मी कपाट उघडलं. तात्यांसाठी मी जागची हलले नाही. मी त्यांना परक्यासारखं वागवायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात परक्याला मी त्यांच्यापेक्षा बरं वागवलं. पक्षपात होऊ नये म्हणून मी इतकी जपत होते, आणि पक्षपात केला तो त्यांच्या विरुद्ध केला.

दुसरी गोष्ट सांगायला मला जास्त जड जातंय.

तो फॉर्म सापडला त्या दिवसापासून तात्या गेले त्या दिवसापर्यंत अकरा दिवस होते. अकरा दिवस मला माहीत होतं.

मी काय केलं? क्लबच्या सेक्रेटरींना ईमेल लिहिला. "गाडी क्रमांक चौदाच्या निकालाचा फेरविचार" असा विषय मासिक बैठकीत घ्यावा, अशी विनंती केली. त्यांचं उत्तर आलं, बैठकीत घेऊ. ते वाचून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. विषय नोंदला गेला होता. माझं काम झालं होतं.

समितीनं ठरवण्याआधी निकालाबद्दल मालकाशी बोलायचं नाही, असा नियम आहे. चांगला नियम आहे, मी आजही तो बदलणार नाही. पण "तात्या, माझी चूक झाली" हे सांगायला तो नियम कुठं आड येतो? तो निकाल नाही. ते फक्त खरं आहे. ते सांगायला समितीची परवानगी लागत नाही.

मी सूसहून रोज ऑफिसला येते. तात्यांचं फाटक माझ्या रस्त्यावरून दोन मिनिटांवर आहे. अकरा दिवसांत सुट्ट्या सोडून मी नऊ वेळा त्या वळणावरून गेले. मी मोजलंय. मोजण्याची मला सवय आहे. एकदा मेसेज लिहिला आणि पुसला. एकदा गाडीचा वेग कमी केला. मग मागून हॉर्न वाजला आणि मी पुढं गेले. मला भीती कसली होती? तात्या रागावतील याची नव्हती. ते रागावले असते तर सोपं होतं. माझ्या हातून चूक होते, हे त्यांना दिसेल, याची होती.

आणि बाराव्या दिवशी सकाळी क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला.

तात्यांचं हृदय बऱ्याच वर्षांपासून अशक्त होतं, हे घरच्यांनी सांगितलंय. माझ्या निकालामुळे ते गेले असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडं नाही, आणि तसं म्हणणं म्हणजे स्वतःला उगाच मोठं करणं आहे. पण ते जाताना त्यांच्या नावावर एक खोटा ठपका होता, आणि तो खोटा आहे हे मला माहीत होतं. एवढ्याचा पुरावा आहे. तो मी सोबत आणलाय. हा फॉर्म. सभा संपल्यावर ज्यांना बघायचाय त्यांनी बघावा.

तिसऱ्या दिवशी मी काकूंकडं गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की मी त्यांना काही नवीन सांगतेय.

काकू म्हणाल्या, "ठावं हाय मला. त्यांनी त्याच दिशी सांगितलं हुतं."

मी म्हणाले, "काकू, मग ते बोलले का नाहीत?"

काकू म्हणाल्या, "बोलले की. तू कुटं ऐकलंस?"

 

मी विचारलं, नंतर तरी का नाही बोलले? टपरीवर लोक हसत होते तेव्हा? काकू म्हणाल्या, "म्या बी म्हनले, जाऊन सांगा समद्यांना, तिनंच लावाया लावली म्हनून. तर म्हनले, म्या कशाला सांगू? तिची चूक हाय, ती सांगंल. लई हुशार पोरगी हाय, आज न्हाई तर उद्या तिच्या ध्यानात येतंय. आन ध्यानात आलं का ती घरी बसायची न्हाई."

मग काकूंनी आणखी एक सांगितलं. निकालानंतर तात्या दर शनिवारी गाडीवरची ताडपत्री काढायचे. खालून धूळ पुसायचे, त्या पट्टीवरचा चिखल खरवडून काढायचे. काकू म्हणायच्या, आता कशाला, बाद झाली की गाडी. तर म्हणायचे, "ती येनार. आली का परत खालनं बघंल. घान नगं."

तात्यांनी माझ्याबद्दल एक अंदाज बांधला होता. अर्धा बरोबर निघाला. माझ्या ध्यानात आलं. अर्धा चुकला. मी घरी बसले.

मंडळी, काल क्लबच्या समितीची तातडीची बैठक झाली. निकाल दुरुस्त झाला. दोन्ही कपाटं आता एकाच यादीत येतील, आणि कागद शोधण्याचं काम यापुढं मालकाचं नसेल, तपासणाऱ्याचं असेल. मी हे काम करत राहावं की नाही, ते समिती ठरवेल. मी त्यांना माझं मत दिलंय. ते इथं सांगण्याची गरज नाही. गाडी कुणी चालवायची, चालवायची की नाही, हे काकू आणि घरचे ठरवतील. त्यातही मला बोलण्याचा अधिकार नाही.

मी काकूंची क्षमा मागितलेली नाही. मागितली तर त्या देतील, मला माहीत आहे. म्हणूनच मागत नाही.

मी फक्त एक करू शकते. तात्यांच्या गाडीचा निकाल माइकवर, सगळ्यांसमोर जाहीर झाला होता. त्याची दुरुस्ती ईमेलनं होत नाही. ती माइकवर, सगळ्यांसमोरच व्हायला हवी. म्हणून वाचते.

गाडी क्रमांक चौदा. पद्मिनी. मालक, सोपानतात्या, मुक्काम माण. चाकाच्या आधाराची पट्टी क्लबच्या तपासनिसाच्या लेखी आदेशावरून लावलेली. मालकानं भरलेला फॉर्म पूर्णपणे खरा. आधीचा निकाल तपासनिसाच्या चुकीमुळे दिला गेला. गाडी पात्र.

गावकऱ्यांना एक विनंती आहे. चौकात जे बोललं गेलं, ते चौकातच परत घ्या. तात्यांनी काही लपवलं नव्हतं. लपवलं ते मी.

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये. मी घड्याळ बघणार नाही. काकू बसल्या की आपण बसू.

तात्या, मी आले. उशिरा आले.